रांग संपल्यावर

मिस्त्रीने कागदाखाली पुठ्ठा सरकवला आणि पेन ताईंच्या हातात दिलं.

"इथं. नर्सबाईंच्या सहीखाली."

सोमवारची सकाळ होती. सायकल दुरुस्तीच्या त्या अरुंद दुकानात नऊ माणसं दाटीवाटीने उभी होती, आणि सगळी कामावर जायच्या कपड्यांत असल्यामुळे एकमेकांना जराशी परकी दिसत होती. हीच माणसं दर रविवारी पहाटे हेल्मेटं घालून, एकमेकांची टर उडवत चाळीस किलोमीटर जायची आणि यायची. आज कुणी कुणाकडे नीट बघतही नव्हतं. कोपऱ्यात इंजिनची सायकल टांगलेली होती. तिच्या पुढच्या चाकाचा पार आठ झाला होता.

कागदावरचं अक्षर सरांचं होतं. तीस वर्षं शाळेत कवायत शिकवलेल्या माणसाचं, ताठ उभं अक्षर. 'वृद्ध गृहस्थ रस्त्याच्या कडेला उभे होते. आमची रांग जात असताना ते अचानक, न पाहता, रस्त्यात उतरले. ब्रेक लावायला अवधी मिळाला नाही. आम्ही सर्वजण रांगेतच होतो.'

ताईंनी शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

"सर, इंजिन रांगेत नव्हता."

"माहितीय."

"मग इथं असं—"

"ताई, त्याची चेन उतरली, तो मागं राहिला, मग उतारावरून सुसाट आला, हे मला तुमच्याइतकंच माहितीय." सरांनी आवाज खाली आणला, तरी दुकानात सगळ्यांना ऐकू जात होतं. "पण हे असं लिहून दिलं तर पोलीस काय समजणार? एकटा माणूस, बेफाम आला आणि म्हाताऱ्याला उडवलं. सहा वर्षं झाली त्याला बाटली सोडून. मी स्वतः त्याला उचलून आणलाय, कुठून ते तुम्हाला सांगत नाही. त्याच्यावर खटला उभा राहिला की आठ दिवसांत तो परत तिथंच सापडेल. म्हातारबाबांचं हाड सांधेल. याचं नाही सांधायचं."

इंजिन स्वतः दुकानात नव्हता. कोपराला पट्टी बांधून तो घरी पडून होता. वीजमीटरचे आकडे टिपत दारोदार हिंडणारा हा माणूस रांगेच्या पुढे राहून सगळ्यांच्या तोंडावरचा वारा अंगावर घ्यायचा, म्हणून तो इंजिन. ताई सगळ्यांत मागे राहायच्या. कुणी दमलं, कुणाचं चाक बसलं, तर त्याच्यापाशी थांबायचं आणि त्याला घेऊनच यायचं, हे त्यांचं काम. त्यांच्यामागे कुणी उरता कामा नये, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. म्हणून मिस्त्रीने त्यांचं नाव ठेवलं होतं पूर्णविराम.

हे नाव ताईंना मनापासून आवडायचं. नवरा गेल्यावर रविवार त्यांच्या अंगावर यायला लागला, तेव्हा पंचेचाळिसाव्या वर्षी सरांनी त्यांना शाळेच्या मैदानावर सायकल शिकवली होती. सीट मागून धरून सर पळत होते, आणि ताई 'सोडू नका, सोडू नका' ओरडत होत्या, आणि सरांनी केव्हाच सोडलं होतं. पुढे एकदा पडून त्यांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, तर नर्सबाई महिनाभर रोज सकाळी येऊन त्यांची वेणी घालून जायच्या. इंजिन पाणी भरून द्यायचा. या माणसांनी कागद पुढे केला होता.

ताईंनी सही केली. पेन परत देताना त्यांना एक गोष्ट जाणवली आणि तिची त्यांना लाजही वाटली. इंजिन मागं का राहिला, हे सगळ्यांनी विचारलं होतं. तो मागं असताना ताई पुढं कशा आल्या, हे कुणीच विचारलं नव्हतं. त्यांना हायसं वाटलं होतं.

हॉस्पिटलमध्ये पाळ्या लावायची कल्पना नर्सबाईंची. म्हातारबाबांना एक मुलगी सोडून कुणी नव्हतं, आणि ती टपाल कचेरीत पत्रांच्या वर्गवारीवर होती; सकाळी नऊला हजेरी, पाचला सुट्टी. तोवर बाबांपाशी कोण? नर्सबाईंनी वहीच्या पानावर रेघा मारून वेळापत्रक केलं, आणि खरोखर एकही पाळी कधी चुकली नाही. मिस्त्री दुकान बंद ठेवून यायचा आणि म्हातारबाबांना पेपर वाचून दाखवायचा. सर त्यांची दाढी करायचे. चादर बदलायची झाली तर दोघं बोलावलेले असताना चौघं यायचे.

मुलगी चाळिशीची होती. कमी बोलायची, आणि बोलताना हातातल्या वस्तू नीट ओळीने लावत राहायची. औषधाच्या बाटल्या, चमचा, चष्मा.

"तुम्ही लोक नसतात तर मी काय केलं असतं, कोण जाणे," ती एकदा ताईंना म्हणाली. "धक्का लागला तो यांच्या चुकीने. आणि करताय मात्र तुम्ही."

ताईंनी टेबलावरचा रुमाल उचलला, उलगडला आणि पुन्हा घडी घातली.

तिसऱ्या आठवड्यात ताप फुप्फुसात उतरला. म्हातारबाबा बराच वेळ ग्लानीत असत. शुद्ध असली की फार हळू आणि फार अदबीने बोलत. पाणी पाजलं की 'आभारी आहे बरं का' म्हणत. सूतगिरणीत बॉयलरवर जन्म काढलेला माणूस, पण बोलणं एखाद्या जुन्या हेडमास्तरासारखं. ताईंना त्यांनी ओळखलं नव्हतं. हेल्मेट आणि जाकीट नसताना कोण कुणाला ओळखतं?

त्या दिवशी मुलगी लवकर आली होती. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलेलं होतं, आणि ती खाटेशी येऊन उभी राहिली तीच मुळी कातावलेली.

"पेपर पाहिजे, पेपर पाहिजे! मिळाला पेपर? दहा मिनिटं थांबला असतात तर मी आणून दिला नसता? कितीदा सांगितलं, बघून ओलांडत जा, बघून ओलांडत जा. लहान मूल तरी ऐकतं."

"मी बघितलं होतं गं," म्हातारबाबा म्हणाले.

"बघितलं असतंत तर इथं आला असतात का? नऊ माणसांनी लिहून दिलंय, तुम्ही बघितलं नाही म्हणून. नऊ माणसं खोटं बोलतील?"

म्हातारबाबा थोडा वेळ छताकडे बघत राहिले. मग पुन्हा म्हणाले, "ती शेवटची बाई गेली. मगच उतरलो. नारिंगी जाकीटवाली. तिच्यामागं कुणी नसतं."

"हे बघा, हे असं चालतं." मुलगी ताईंकडे वळली. तिचा आवाज एकदम थकला होता. "औषधांनी भ्रम होतो म्हणतात. कोण बाई, कसलं जाकीट. दोन दिवस तेच."

हातातला पाण्याचा पेला ताईंनी टेबलावर ठेवला, तो काठावर ठेवला गेला आणि खाली पडून फुटला. काचा वेचताना त्या बराच वेळ खाटेखाली वाकून राहिल्या.

तीन दिवसांनी सकाळी म्हातारबाबा गेले. शेवटची कामं सगळी सायकलवाल्यांनीच केली. मुलीला कागदपत्रांसाठीही कुठे धावू दिलं नाही. तिने पोलिसांना लिहून दिलं होतं की आमची कुणाबद्दल काही तक्रार नाही.

ताई दातांच्या कवळ्या बनवत. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाचे ठसे त्यांच्याकडे येत. त्यांत प्लास्टर ओतायचं, मेणाच्या हिरड्या करायच्या, एकेक दात बसवायचा. वीस वर्षं त्यांचा हात चुकला नव्हता. त्या आठवड्यात दोन कवळ्या परत आल्या. वरचे दात खालच्यांवर बसत नव्हते.

तिसरी मेणात बसवता बसवता त्यांनी सुरी खाली ठेवली आणि तो रविवार पुन्हा पहिल्यापासून आठवून पाहिला. पुलावर इंजिनची चेन उतरली. इतका पुढचा माणूस, पण त्या दिवशी सकाळपासून त्याचं काही ना काही बिनसतच होतं. 'तुम्ही व्हा पुढं ताई, दोन मिनिटांत गाठतो,' तो म्हणाला. थंडी कडाक्याची होती. उभं राहिलं की घाम गार पडतो आणि गुडघा धरतो. आणि इंजिनसाठी कुणी थांबायचं? तो तर सगळ्यांना गाठतोच. आठ वर्षांत पहिल्यांदा त्या कुणालातरी मागे ठेवून निघाल्या.

मग वळण. वळणानंतर पेपरचा ठेला, आणि पलीकडच्या कडेला म्हातारबाबा. दर रविवारसारखे. ताईंनी घंटी वाजवली, त्यांनी हात वर केला, दर रविवारसारखा. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. ताई पुढे गेल्या. वळणामागून येणाऱ्या सायकलला आवाज नसतो. आवाज झाला तो नंतर, पाठीमागे, पत्रा आदळल्यासारखा.

ताई सरांच्या घरी गेल्या, तेव्हा ते मागच्या अंगणात पंक्चर काढत बसले होते. फुगवलेली ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून, बुडबुडे कुठून येतात ते बघत होते. ताईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पुलावर न थांबल्याचंही सांगितलं. सरांनी ट्यूब पाण्याबाहेर काढली नाही.

"हे मला माहीत नव्हतं," ते शेवटी म्हणाले.

"कुणालाच नव्हतं. मी तिला सांगणार आहे."

"कुणाला, मुलीला?" सरांनी मान वर केली. "कशासाठी?"

"ते बघून उतरले होते, सर. नियमानं उतरले होते. नियम आपला होता. मी तो मोडला, आणि वर त्यांनाच चुकीचं ठरवलं."

"बरोबर आहे. आता माझं ऐका. आज त्या मुलीच्या मनात काय आहे? बाबांची चूक झाली. बाबा गेले, त्यांच्याबरोबर चूकही गेली. चार महिन्यांनी तिला चूक आठवणारही नाही, नुसते बाबा आठवतील. तुम्ही जाऊन सांगितलंत, की तिला काय आठवेल? मरणाऱ्या बापाला मी वाट्टेल ते बोलले, आणि तो खरं सांगत होता. हे घेऊन ती कुठं जाणार?"

ताई पायरीवर बसल्या.

"राग मानू नका," सर म्हणाले. त्यांचा आवाज कठोर नव्हता. "तुम्हाला मोकळं व्हायचंय. मी समजू शकतो. पण आपलं ओझं खाली ठेवताना ते कुणाच्या पायावर पडतंय, एवढं बघावं माणसानं."

ताई घरी आल्या. सरांचं म्हणणं त्यांनी उलटसुलट करून पाहिलं, त्यात कुठेच खोट सापडेना. त्या रविवारी त्या सायकलवर गेल्या नाहीत, पुढच्याही नाही. नर्सबाईंचा फोन आला, तब्येत कशी म्हणून; ठीक आहे म्हणाल्या. नऊ दिवस असेच काढले. दहाव्या दिवशी, बाजारातून भाजी घेऊन घराकडे निघालेल्या त्या, वाटेतच वळल्या आणि पिशवीसकट मुलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. घरी जाऊन पिशवी ठेवली असती तर पुन्हा निघणं झालं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दोन खोल्यांचं घर होतं. मुलीने त्यांना बघून खरंच तोंडभर स्वागत केलं, पिशवी हातातून घेतली, पंखा लावला. ताई म्हणाल्या, "आधी बस. मग ठरव मला बसवायचं की नाही."

सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मुलगी शेवटी म्हणाली, "नारिंगी जाकीट."

"माझं."

"तुम्ही तिथंच होतात. खाटेपाशी. ते म्हणाले तेव्हा."

"होते."

"आणि मी काय म्हणाले, ते ऐकलंत तुम्ही."

"ऐकलं."

टेबलावर पत्रांचा छोटा गठ्ठा होता. मुलीने तो ओढून घेतला, कडा जुळवल्या, ठेवून दिला, पुन्हा ओढून घेतला.

"परत सांगा," ती म्हणाली.

"काय?"

"सगळं. ते कुठं उभे होते इथपासून सांगा. हातात काय होतं, पिशवी होती का, टोपी होती का. सगळं."

ताईंनी पुन्हा सांगितलं. टोपी होती. पिशवी नव्हती. हात वर केला तो उजवा. आधी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे. मुलीने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा ताईंनी तिसऱ्यांदाही सांगितलं, आणि यावेळी जे आठवत नव्हतं ते आठवत नाही असंही सांगितलं.

"जा आता तुम्ही," मुलगी म्हणाली. ओरडून नाही. "मला नाही सांगता येत मला काय वाटतंय ते. पण आत्ता तुम्ही जा."

ताई दारापर्यंत पोचल्या तेव्हा ती मागून म्हणाली, "पोलिसांना सांगितलंत?"

"परवा जाणार आहे."

भाजीची पिशवी तिथेच राहिली. ती मागायला परत वळणं शक्य नव्हतं.

सरांना ताईंनी फोन करून दोनच वाक्यांत कळवलं. सरांनी ऐकून घेतलं, 'बरं' म्हणाले आणि फोन ठेवला. त्या 'बरं'मध्ये राग होता की काय होतं, ते ताईंना ओळखता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इंजिन त्यांच्या कामाच्या खोलीच्या दारात आला. दीड महिन्यात त्या त्याला पहिल्यांदाच बघत होत्या. तो पायी आला होता. बारीक झाला होता, पण डोळे स्वच्छ होते. ताईंनी आत घेताना श्वास घेऊन पाहिला, आणि त्याच्या ते लक्षात आलं.

"नाही घेतलेली," तो म्हणाला. "सगळे येतात ते आधी वासच घेतात. मिस्त्री तर मिठीच मारतो."

दोघंही किंचित हसले आणि लगेच थांबले.

"सर म्हणाले, तुम्ही ठाण्यात जाणार आहात."

"उद्या दहाला. तुझं नाव घ्यावं लागेल मला. मी तुला सांगायला येणारच होते."

"मीही येतो." तो स्टुलावर बसला. समोरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने वाळत घातले होते, तो त्यांच्याकडे बघत बोलत होता. "ताई, तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी सह्या केल्यात. उपकारच आहेत. पण मला कुणी विचारलं नाही हो, तुझं म्हणणं काय. सर आले, म्हणाले झोप तू, आम्ही बघतो. मी झोपलो. दुसऱ्या दिवशी कळलं, झालं सगळं. मग मी कुठल्या तोंडानं म्हणू की मला हे नको होतं? रोज वाटायचं, आज कुणीतरी खरं बोलेल. तुम्हीच बोलाल, असं वाटायचं."

ताईंनी मेण वितळवायचा दिवा विझवला.

"पण ठाण्याच्या आधी मला तिच्याकडे जायचंय," तो म्हणाला. "दोनदा जाऊन आलो. खालून परत फिरलो. एकट्याला दार वाजवता येत नाही."

मुलीने दार उघडलं. तिने आधी ताईंकडे बघितलं, मग त्याच्याकडे. सायकलवाल्यांपैकी बाकी सगळे तिला ठाऊक होते. हा एकच चेहरा नवा होता, त्यामुळे कुणी ओळख करून द्यायची गरज पडली नाही.

ती दारातून बाजूला झाली. 'या' म्हणाली नाही, पण बाजूला झाली.

आत आल्यावर इंजिन उभाच राहिला. बोलायचं ते त्याने पाठ करून आणलं असावं, पण त्यातलं काही आठवत नसावं.

"तुमचे वडील पडले, तेव्हा मीही पडलो होतो," तो म्हणाला. "बाजूलाच. बाकीचे यायच्या आधी. एखादं मिनिट आम्ही दोघंच होतो तिथं. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. यांनाही नाही."

ताईंनी त्याच्याकडे बघितलं.

"ते शुद्धीवर होते. माझ्याकडे बघून म्हणाले, लागलं का रे तुला? मी काही बोललो नाही. मग म्हणाले, मला वाटलं रांग संपली. चुकलं माझं."

मुलीने खुर्चीची पाठ धरली.

"आणि मी ओरडलो त्यांच्यावर. दिसत नाही का, म्हटलं. बघून उतरता येत नाही का. असं म्हणालो. ते खाली पडलेले होते आणि मी म्हणालो." त्याने कोपर चोळलं. "तेवढ्यात सर आले. त्यांनी तेच ऐकलं. त्यावरूनच मग पुढं सगळं ते, न पाहता उतरले वगैरे. ते माझंच वाक्य आहे. चूक माझी नव्हती असं मला तेव्हासुद्धा वाटत नव्हतं. तरी ओरडलो."

खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला हाका मारत होतं.

"'रे' म्हणाले?" मुलीने विचारलं.

"काय?"

"लागलं का रे, असं म्हणाले? की लागलं का तुम्हाला?"

इंजिन गोंधळला. "रे. लागलं का रे तुला. असंच."

"नक्की?"

"रोज ऐकू येतं मला ते. नक्की."

मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली. "बाहेर कुणालाच ते अरे-तुरे करत नसत," ती म्हणाली. "पेपरवाल्या पोरालासुद्धा अहो. लोक हसायचे. अरे आणि अगं फक्त घरात." तिने तळहात गुडघ्यांवर घासले. "तुम्ही ओरडलात, त्यावर काय म्हणाले?"

"काहीच नाही. बघत राहिले."

"हं. मी ओरडले तेव्हाही असंच."

इंजिनने तोंड फिरवलं आणि मनगटाने डोळे पुसले. तिने त्याचं सांत्वन केलं नाही. ताईंनाही पुढे व्हावंसं वाटलं नाही. ते त्यांचं काम नव्हतं.

"माफ बिफ मी काही करत नाहीये," मुलगी थोड्या वेळाने म्हणाली. "कुणालाच. सरांना पण सांगा. ते येऊन बाबांची दाढी करायचे. कशी करत होते, मला अजून कळत नाही."

"सांगते," ताई म्हणाल्या.

"उद्या किती वाजता जाताय?"

"दहाला."

ती उठली. भिंतीजवळच्या कपाटावरून तिने फोन घेतला आणि क्रमांक लावला. पलीकडे तिचे साहेब असावेत. उद्या येता येणार नाही, रजा टाकते, असं ती म्हणाली. तिकडून काहीतरी विचारणा झाली. मागेच इतक्या रजा झाल्यात, आता पुन्हा कशासाठी, असंच काहीतरी असणार.

"वडिलांचं काम आहे, साहेब," ती म्हणाली. "त्यांना जाता येणार नाही, म्हणून मी जातेय."